मोबाइलसाठी बुद्धिबळाचे अ‍ॅप कसे निवडावे

मोबाइलवर बुद्धिबळ खेळू पाहणारा नवखा माणूस बहुधा सर्वांत आधी विचारतो, की सगळ्यांत ताकदीचे अ‍ॅप कोणते. हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी रास्त होता; आज त्याच्या उत्तरावरून काहीच ठरत नाही. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने तेव्हाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा ते यंत्र दोन उंच कपाटांएवढे होते आणि सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होते. त्यानंतर बारा वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, ब्यूनोस आयरेसच्या कोपा मर्कोसुर स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्रॅम एचटीसीच्या एका मोबाइलवर चालवला गेला. सेकंदाला वीस हजार स्थितीसुद्धा न तपासणाऱ्या त्या प्रोग्रॅमने नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि स्पर्धा खिशात घातली. त्याची कामगिरी २८९८ रेटिंगच्या (खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याच्या) तोडीची भरली. मॅग्नस कार्लसनने २०१४ मध्ये गाठलेले २८८२ हे माणसाचे आजवरचे सर्वोच्च रेटिंग आहे. एका स्पर्धेतली कामगिरी आणि वर्षानुवर्षांचे रेटिंग यांची थेट तुलना करू नये हे खरे, पण हातातले यंत्र तेव्हाच कुठवर पोचले होते याचा अंदाज त्यावरून यावा. आज विनामूल्य मिळणारे स्टॉकफिश हे इंजिन साध्या फोनवरही जगज्जेत्याला भारी पडेल, आणि प्ले स्टोअरवरच्या कितीतरी अ‍ॅपच्या पोटात तेच किंवा त्याचेच एखादे भावंड असते.

तेव्हा नवख्याने विचारायचे प्रश्न दोनच आहेत. हे अ‍ॅप माझ्या पातळीवर उतरून माणसासारखे खेळते का, आणि डाव संपल्यावर मी कुठे चुकलो हे मला कळेल अशा रीतीने दाखवते का? पुढच्या पायऱ्या या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतः तपासून पाहण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : अ‍ॅप आणि इंजिन यांतला फरक ओळखावा

पडद्यावर दिसणारा पट, मोहरी, घड्याळ, बटणे हा झाला अ‍ॅपचा भाग. चाल शोधून काढणारा प्रोग्रॅम म्हणजे इंजिन. हे दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी तयार केलेले असू शकतात. स्टॉकफिश हे मुळात नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये पुढे आणले. त्याची संहिता (प्रोग्रॅमचा कोड) सर्वांना खुली आहे आणि नियम पाळून कोणीही ते आपल्या अ‍ॅपमध्ये बसवू शकतो. त्यामुळे ‘आमचे अ‍ॅप ३५०० रेटिंगचे’ अशी जाहिरात वाचली, तर त्यात त्या अ‍ॅपच्या कर्त्याचे कर्तृत्व फारसे नसते. त्याचे काम दिसते ते पातळ्यांची आखणी, विश्लेषणाची मांडणी आणि पटाची हाताळणी या ठिकाणी.

दुसरी पायरी : गरज ठरवावी

मोहऱ्यांच्या चालीसुद्धा नीट माहीत नसलेला माणूस, चाली येतात पण प्रत्येक डावात वजीर गमावणारा माणूस, तालुक्याच्या स्पर्धेत उतरू पाहणारा विद्यार्थी आणि निवृत्तीनंतर संध्याकाळचा एक डाव हवा असलेले आजोबा, या चौघांना एकच अ‍ॅप सुचवणे चुकीचे ठरेल. पहिल्याला धडे हवेत, दुसऱ्याला बेताचा प्रतिस्पर्धी हवा, तिसऱ्याला विश्लेषण आणि कोडी हवीत, तर आजोबांना मोठा पट, स्पष्ट मोहरी आणि मध्येच न उपटणाऱ्या जाहिराती हव्यात. शक्य असेल तर त्यांच्यासाठी फोनऐवजी टॅबलेटच घ्यावा. सहा इंची पडद्यावर चुकून शेजारच्या घरावर बोट पडण्याचा वैताग टॅबलेटवर निम्म्याने कमी होतो.

आजोबांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. घरी देशी पद्धतीने बुद्धिबळ शिकलेल्या ज्येष्ठांना अ‍ॅप हमखास ‘चुकीचे’ वाटते. त्यांच्या डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते, राजाला डावात एकदा घोड्याची चाल मिळते, शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या पट्टीचे मोहरे होते आणि समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे एक प्रकारची बरोबरी, होते. मोबाइलवरची सर्व प्रमुख अ‍ॅप फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतात. पहिले दोन-तीन डाव शेजारी बसून हे फरक दाखवून दिले, तर अ‍ॅपला बोल लागत नाही.

इंटरनेटचाही विचार याच पायरीवर करावा. प्रवासात खेळायचे असेल, तर जोडणी नसताना चालणारे अ‍ॅपच उपयोगाचे आहे. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की ऑनलाइन डावाचे घड्याळ चालूच राहते आणि बाहेर येईपर्यंत डाव हरलेला असू शकतो.

तिसरी पायरी : दोन-तीन नावे निवडावीत

शोधपेटीत ‘चेस’ लिहिल्यावर शेकडो नावे समोर येतात. त्यांतली बहुतेक एकमेकांच्या नकला असल्याने पुढील नावांपासून सुरुवात करणे श्रेयस्कर.

लिचेस हे २०१० मध्ये फ्रान्सच्या तिबो ड्युप्लेसी यांनी सुरू केलेले संकेतस्थळ असून त्याचे अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळते. त्यात जाहिराती नाहीत आणि पैसे भरल्याशिवाय न उघडणारे असे काहीही नाही. सारा खर्च देणग्यांवर चालतो. संगणकाशी खेळण्यासाठी एक ते आठ अशा पातळ्या, माणसांशी ऑनलाइन डाव, हवी तितकी कोडी, विश्लेषण, या सर्व गोष्टी तिथे आहेत. भाषांच्या यादीत मराठीही आहे. पहिले अ‍ॅप म्हणून कोणी एकच नाव विचारले, तर मी हेच सांगेन.

चेस डॉट कॉम २००७ पासून चालू आहे आणि त्यावर खेळणाऱ्यांची गर्दी प्रचंड आहे. चेहरे, नावे आणि रेटिंग दिलेले संगणकी प्रतिस्पर्धी, चित्रमय धडे आणि डावानंतरचे बोलके परीक्षण ही त्याची बलस्थाने आहेत. विनामूल्य खात्यावर मात्र जाहिराती दिसतात, आणि कोडी व परीक्षण यांवर मर्यादा येते. शिकवण्याची पद्धत रंजक आहे यात वाद नाही. पण तुम्ही वर्गणी भरावी यासाठी चाललेली कुजबुजही सतत ऐकू येत राहते.

ड्रॉइडफिश हे फक्त अँड्रॉइडवरचे, पीटर ऑस्टरलुंड यांनी लिहिलेले, पूर्ण विनामूल्य अ‍ॅप आहे. त्यात स्टॉकफिश अंगभूत आहे, खाते उघडावे लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. दिसायला ते रुक्ष आहे आणि त्याच्या सेटिंगची यादी पाहून नवखा दचकतो. तरीही विश्लेषणासाठी दुसरे अ‍ॅप म्हणून ते फोनमध्ये असावेच. आयफोनवर त्याच कामासाठी स्टॉकफिशवर आधारलेले स्मॉलफिश पाहावे.

पैसे खर्च करण्याची तयारी असेल, तर जर्मनीच्या श्टेफान मायर-कालेन यांचे श्रेडर विचारात घ्यावे. ते तुमच्या डावांवरून तुमचे रेटिंग काढते आणि आपली ताकद त्यानुसार कमी-जास्त करत राहते. चाली खेळतानाच शेजारी शिक्षक बोलत असावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी डॉ. वुल्फ हे अ‍ॅप आहे. मात्र त्याचे बोलणे इंग्रजीत असते आणि सुरुवातीचे काही डाव संपल्यावर वर्गणी मागितली जाते.

चौथी पायरी : उतरवून घेताना घ्यायची काळजी

अ‍ॅप प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर किंवा एफ-ड्रॉइड (अँड्रॉइडसाठीचे मुक्त अ‍ॅपचे भांडार) यांवरूनच घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची) फाइल उघडू नये. नावासारखे नाव आणि चिन्हासारखे चिन्ह असलेली अ‍ॅप पुष्कळ असतात, म्हणून नावाखालचे कर्त्याचे नाव वाचावे. बुद्धिबळाच्या अ‍ॅपला तुमचे संपर्क, तुमचे ठिकाण किंवा एसएमएस वाचण्याची काहीच गरज नसते. तशी परवानगी मागितली गेली, तर ते अ‍ॅप तिथेच काढून टाकावे.

जागेचा अंदाजही घ्यावा. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून त्यात एनएनयूई नावाचे छोटे न्यूरल जाळे वापरले जाते. जपानी शोगी या खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेली ही कल्पना बुद्धिबळात आली आणि इंजिनाची ताकद एका झटक्यात वाढली, पण सोबत जाळ्याची फाइलही आली. ती सुरुवातीला वीस एमबीच्या आसपास होती आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेली. गुड मॉर्निंगच्या चित्रांनी भरलेल्या जुन्या फोनमध्ये आधी थोडी साफसफाई करावी लागेल, इतकेच.

अ‍ॅप बसवल्यावर पहिली चाचणी फ्लाइट मोडची करावी. फोन फ्लाइट मोडवर टाकून अ‍ॅप पूर्ण बंद करावे, पुन्हा उघडावे आणि संगणकाशी डाव सुरू होतो का ते पाहावे. ‘ऑफलाइन चालते’ असे वर्णनात लिहिलेली काही अ‍ॅप या वेळी खाते उघडण्याचा पडदा दाखवून अडून बसतात. ज्यांचा डाव सुरू होतो, त्यांतही कोणत्या सोयी बंद पडतात ते टिपून ठेवावे. उदाहरणार्थ, लिचेसवर ऑफलाइन डाव चालतो, पण डावाचे संपूर्ण विश्लेषण त्यांच्या यंत्रणेवर होत असल्याने त्यासाठी जोडणी लागते.

पाचवी पायरी : नियमांची परीक्षा

नामवंत अ‍ॅपमध्ये नियमांच्या चुका सापडणार नाहीत; पण एखाद्या अनोळखी, दिसायला देखण्या अ‍ॅपवर मन गेले असेल, तर ही परीक्षा घ्यावी. किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल), एन पासाँ (दोन घरे पुढे गेलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणे), स्टेलमेट (शह नसताना चालच न उरल्याने होणारी बरोबरी) आणि प्याद्याची बढती हे चार नियम नीट बसले असतील, तर बाकीचे बहुधा नीट असतात. त्यांतले शेवटचे दोन एकाच स्थितीत तपासता येतात.

पट स्वतः मांडण्याची सोय उघडावी. (ती सोयच नसेल, तर त्या अ‍ॅपचा विचार सोडून द्यावा.) पांढरा राजा बी६ वर, पांढरे प्यादे सी६ वर, काळा राजा ए१ वर आणि काळा हत्ती डी५ वर ठेवावा, पटावर आणखी काहीही नको. (घराच्या नावातले अक्षर पटाच्या उभ्या पट्टीचे, आकडा आडव्या ओळीचा.) चाल पांढऱ्याची. ही सावेद्रा स्थिती म्हणून ओळखली जाते. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात ती गाजली, आणि तिची किल्ली फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूला सापडली. दोन्ही बाजूंच्या चाली आपणच खेळाव्यात. प्यादे सी७ वर जाते. हत्ती डी६ वर शह देतो, राजा बी५ वर उतरतो. हत्ती डी५ वरून पुन्हा शह देतो, राजा बी४ वर येतो. डी४ वरच्या शहाला राजा बी३ वर, आणि डी३ वरच्या शहाला राजा सी२ वर. आता काळा हत्ती डी४ वर परततो. इथे प्यादे सी८ वर नेऊन वजीर मागावा. काळा हत्ती सी४ वर शह देतो, वजिराने तो मारताच काळ्या राजाला शह नाही आणि चालही नाही. अ‍ॅपने त्याच क्षणी डाव बरोबरीत सुटल्याचे जाहीर केले पाहिजे.

मग दोन चाली मागे जाऊन सी८ वर वजिराऐवजी हत्ती मागावा. आता पांढऱ्याचा हत्ती ए८ वर मात करण्याची धमकी देतो. ती रोखण्यासाठी काळा हत्ती ए४ वर जातो आणि पांढरा राजा बी३ वर येऊन एकाच वेळी तो हत्ती आणि सी१ वरची मात अशा दोन्ही गोष्टी मागतो. काळ्याचा डाव संपला. बढतीच्या वेळी कोणते मोहरे हवे असे न विचारता परस्पर वजीर बसवणारे अ‍ॅप इथे उघडे पडते. चांगल्या अ‍ॅपमध्येही ‘आपोआप वजीर’ असा पर्याय चालू असू शकतो, तो सेटिंगमधून बंद करता येतो.

सहावी पायरी : तळाची पातळी तपासावी

सगळ्या निवडीत अधिक वेळ द्यायचा तो या पायरीला. तालमीत नव्या पोराची पहिली जोड हिंदकेसरीशी लावत नाहीत. आणि लावलीच, तर हिंदकेसरीने हात राखून खेळायचे कसे हे त्याला ठाऊक असावे लागते. इंजिनाला नेमके हे हात राखणे जड जाते. स्टॉकफिशमध्ये ताकद उतरवण्यासाठी शून्य ते वीस असे अंक असतात, आणि रेटिंग सांगून ताकद ठरवायची झाली तर अलीकडच्या आवृत्त्यांत ते १३२० च्या खाली जात नाही. नुकत्याच शिकलेल्या माणसाचे बळ त्याच्या बरेच खाली असते. शिवाय ताकद उतरवण्याची पद्धत अशी, की इंजिन काही चांगल्या चाली शोधते आणि त्यांतली थोडी कमी प्रतीची चाल अधूनमधून नशिबावर सोडून निवडते. परिणाम असा होतो, की दहा-बारा चाली निर्दोष खेळलेले यंत्र अचानक घोडा फुकट टाकते आणि पुन्हा निर्दोष खेळू लागते. अशा प्रतिस्पर्ध्याला हरवून माणूस पुढच्या भेटवस्तूची वाट पाहायला शिकतो. माणसे अशी चुकत नाहीत. लांबच्या तिरप्या पट्टीवरून मागे येणारा उंट नवख्याला दिसत नाही, घोड्याने एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर घातलेला घाव दिसत नाही, पण आपला घोडा मारला गेला तर मारणाऱ्याला परत मारायचे एवढे त्याला पहिल्या आठवड्यात कळलेले असते.

यावरच एक सोपी चाचणी बेतता येते. अ‍ॅपमध्ये दोन्ही बाजू आपणच खेळून पुढील स्थिती तयार करावी : पांढऱ्याने ई४, काळ्याने ई५, पांढरा घोडा एफ३, काळा घोडा सी६, पांढरा उंट बी५, काळे प्यादे ए६. आता काळी बाजू संगणकाकडे सोपवावी, सर्वांत खालची पातळी लावावी आणि उंटाने सी६ वरचा घोडा मारावा. काळ्याने बी किंवा डी पट्टीतल्या प्याद्याने तो उंट परत मारला पाहिजे. दोन्हींपैकी काहीही चालेल. ही चाचणी तीन-चार वेळा करावी. उंट तसाच ठेवून यंत्र कडेचे प्यादे सरकवत बसले, तर ती पातळी निव्वळ फाशांवर चालते आहे असे समजावे. एक पातळी वर जाऊन पुन्हा पाहावे. जिथे साधी मारामारी बरोबर होते पण दोन चालींचा डावपेच यंत्राच्या नजरेतून सुटतो, ती पातळी नवख्याच्या कामाची. अ‍ॅपमध्ये अशी एकही पातळी नसेल, तर ते कितीही प्रसिद्ध असले तरी निदान आज तुमच्यासाठी नाही.

या अडचणीवरचा एक निराळा उपाय म्हणजे मैया. टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठे व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये पुढे आणलेल्या या इंजिनाला लिचेसवर माणसांनी खेळलेल्या डावांवर तयार केले आहे. उत्तम चाल शोधण्याऐवजी, या रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, याचा अंदाज ते बांधते. ११०० ते १९०० अशा नऊ पातळ्यांसाठी त्याची नऊ रूपे असून त्यांतली काही लिचेसवर प्रतिस्पर्धी म्हणून खेळतात. त्याच्या चुका ओळखीच्या वाटतात, आणि म्हणूनच त्याच्याशी खेळलेला डाव माणसाशी खेळताना उपयोगी पडतो. अगदी पहिल्या महिन्यातल्या खेळाडूला मात्र ११०० ची पातळीही जड जाईल.

पातळी लागली की नाही हे ओळखण्याचा माझा ठोकताळा असा : दोनांपैकी एक डाव हरावा, आणि हरलेल्या डावात कुठे हरलो याचा अंदाज स्वतःला यावा. सलग जिंकत असाल तर पातळी वाढवावी. सलग हरत असाल तर लाज न बाळगता उतरवावी. यंत्र कोणाला सांगायला जात नाही.

रेटिंगच्या आकड्यांनी मात्र हुरळून किंवा खचून जाऊ नये. लिचेसवर नव्या खेळाडूची सुरुवात १५०० पासून होते आणि पहिले काही डाव आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसते. चेस डॉट कॉमची मोजपट्टी वेगळी, फिडेची त्याहून वेगळी. फिडेने तर १ मार्च २०२४ पासून आपल्या रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० वर नेली. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात अर्थ नाही.

सातवी पायरी : डाव संपल्यावर काय मिळते ते पाहावे

एक डाव हरावा, मुद्दाम हरावे लागणार नाही, आणि मग अ‍ॅप काय करते ते पाहावे. ‘पुन्हा खेळा’ एवढेच बटण दाखवणाऱ्या अ‍ॅपवर करमणूक होईल, शिकणे होणार नाही. निदान चालींची यादी, मागे-पुढे जाण्याची सोय आणि प्रत्येक स्थितीचे मूल्यमापन इतके हवेच. ‘या स्थितीपासून संगणकाशी खेळा’ ही सोय असेल, तर फारच उत्तम.

मूल्यमापन आकड्यात असते. अधिक म्हणजे पांढऱ्याची बाजू वरचढ, उणे म्हणजे काळ्याची. जुन्या पुस्तकांत अधिक एक म्हणजे एका प्याद्याची आघाडी असे सांगितलेले असते. डिसेंबर २०२२ च्या स्टॉकफिश १५.१ पासून मात्र अधिक एक याचा अर्थ असा ठरवला आहे, की तेवढी आघाडी घेऊन ते इंजिन स्वतःशीच खेळले तर निम्मे डाव जिंकेल. हा हिशेब दोन यंत्रांमधला आहे. दोन नवख्यांच्या डावात अधिक एक आणि उणे एक यांत काहीही फरक पडत नाही. म्हणून आलेखातले छोटे चढउतार सोडून द्यावेत आणि आकडा एका चालीत तीन-चारने कोसळला असेल, अशा जागा शोधाव्यात. प्रत्येक डावात अशा दोन-तीनच जागा असतात.

इंजिन लावण्यापूर्वी डाव एकदा स्वतः पाहावा आणि आपल्याला शंका होती त्या चाली मनात ठेवाव्यात. नंतर इंजिन लावून आपली शंका आणि यंत्राचा निकाल जुळतो का ते बघावे. चूक सापडल्यावर यंत्राची सुचवलेली चाल पाहून पुढे न सरकता, त्या स्थितीपासून डाव पुन्हा खेळून पाहावा. लिचेसवर ‘आपल्या चुकांतून शिका’ अशा अर्थाची सोय आहे, ती चुकीच्या प्रत्येक जागी थांबून तुम्हालाच चांगली चाल शोधायला लावते. विनामूल्य अ‍ॅपमधली इतकी उपयुक्त सोय मला दुसरी माहीत नाही. याउलट चालू डावात इशारा देणारे दिव्याचे बटण शक्य असेल तर लपवूनच टाकावे. ते समोर असले की तिसऱ्याच विचाराला बोट तिकडे जाते.

याच पायरीवर डाव बाहेर काढता येतो का हेही तपासावे. पीजीएन ही डाव लिहून ठेवण्याची पद्धत स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये मांडली. ती साध्या मजकुराची फाइल असल्याने एका अ‍ॅपमधला डाव दुसऱ्यात उघडता येतो, प्रशिक्षकांना पाठवता येतो आणि फोन बदलला तरी टिकतो. ‘शेअर’ दाबल्यावर फक्त चित्र किंवा दुवा मिळत असेल आणि पीजीएन मिळत नसेल, तर तुमचे डाव त्या अ‍ॅपच्या मालकीचे झाले असे समजा. पीजीएनमध्ये मोहऱ्यांसाठी इंग्रजी अक्षरे असतात : राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी, आणि के राजाने आधीच घेतल्यामुळे घोडा एन. प्याद्याला अक्षर नाही. अक्षरांऐवजी मोहऱ्यांची चित्रे दाखवण्याचा पर्याय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असतो, तो सुरुवातीला सोयीचा पडतो.

आठवी पायरी : पट आणि बॅटरी

त्रिमितीय, चकाकणारी मोहरी पाहायला छान आणि खेळायला त्रासदायक. साधा सपाट पट ठेवावा. घरांचे आकडे व अक्षरे चालू ठेवावीत आणि आवाज घरच्यांच्या सोयीने.

इंजिनाचे अखंड विश्लेषण चालू राहिले की फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. ड्रॉइडफिशसारख्या अ‍ॅपमध्ये किती थ्रेड (एकाच वेळी चालणारी गणनेची कामे) वापरायचे हे ठरवता येते; एक किंवा दोन पुरेत. हॅशसाठी, म्हणजे तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्यासाठी, ६४ एमबी स्मृती खूप झाली. नवख्याच्या चुका यंत्राला एका सेकंदात दिसतात, त्यासाठी पाच मिनिटे फोन भाजून काढण्याची गरज नाही.

नववी पायरी : माणसांशी खेळणे, मुले आणि पैसे

ऑनलाइन खेळायला सुरुवात करताना प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि दर चालीला दहा सेकंदांची भर, असा वेळ निवडावा. तीन मिनिटांचे डाव चटकन लागतात आणि चटकन सवय लावतात, पण त्यांत नवखा विचार करायला शिकत नाही. ऑनलाइन डावात इंजिनाची मदत घेणे दोन्ही प्रमुख ठिकाणी निषिद्ध आहे, आणि पकडले गेल्यास खात्यावर कारवाई होते. डाव चालू असताना दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ‘सहज’ स्थिती मांडून पाहणे हेही त्यातच येते, हे मुलांना स्पष्ट सांगावे लागते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, ते पाहून घरातल्या मुलीने किंवा मुलाने फोन मागितला असेल, तर आधी अनोळखी लोकांशी होणारे संभाषण बंद करावे. लिचेसमध्ये त्यासाठी मुलांचा मोड आहे. तो चालू केला की गप्पा आणि निरोप बंद होतात. चेस डॉट कॉमने मुलांसाठी चेसकिड हे वेगळे अ‍ॅप ठेवले आहे. मुलाच्या हाती फोन देण्यापूर्वी अ‍ॅपमधील खरेदीला पासवर्ड लावावा.

वर्गणी घ्यायचीच असेल, तर विनामूल्य खात्याची मर्यादा आपल्याला खरोखर आड येते आहे हे महिनाभर अनुभवल्यावर घ्यावी. ‘सात दिवस मोफत’ या योजनेत यूपीआय किंवा कार्डावरून आपोआप रक्कम वळती होण्याची संमती आधीच घेतलेली असते. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरच्या किंवा अ‍ॅप स्टोअरच्या वर्गण्यांच्या यादीत जाऊन रद्द करावी लागते.

दहावी पायरी : प्रत्यक्ष स्पर्धेला जाताना

मोबाइलवर सराव करून पहिल्या स्पर्धेला जाणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सपाट पडद्यावर दिसणारी स्थिती लाकडी पटावर वेगळी दिसते, त्यामुळे आधीचे काही दिवस तरी खऱ्या पटावर, शक्यतो घड्याळ लावून आणि चाली हाताने लिहून खेळावे. दुसरी गोष्ट फोनचीच. फिडेच्या नियमांनुसार पंचांच्या परवानगीशिवाय कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण खेळण्याच्या जागेत जवळ बाळगता येत नाही, आणि खेळाडूच्या अंगावर ते सापडले तर डाव हरल्याचे जाहीर होते. काही स्पर्धांत बंद केलेला फोन पिशवीत ठेवू देतात, पण ती पिशवी पंचांना विचारल्याशिवाय डावाच्या मध्ये उघडता येत नाही. फोन सोबत आलेल्या पालकांकडे देऊन आत जावे. एकटेच गेला असाल, तर फेरी सुरू होण्यापूर्वी तो पूर्ण बंद करून कुठे ठेवायचा हे पंचांनाच विचारावे.